वाऱ्याच्या वरच्या बाजूला

त्या दिवशीही दोरवाल्याने लेकीला बसायची जागा वारा बघून दिली. चिमूटभर वाख, दोराचे ते सुके तंतू, बोटांत चोळून त्याने हवेत सोडला. तो कुंपणाकडे उडाला, तशी तिची खुर्ची उचलून त्याने उलट्या अंगाला, वारा येतो त्या वरच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवली.

"इथं बस. इथं धूळ यायची नाही."

"बाबा, मी येते ना चाकावर. दोघं असलो तर दुपारपर्यंत उरकेल."

"तू चाकाला हात लावलास तर मी दोर वळणं सोडून देईन," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दार लोटून घे म्हणावं, तसंच म्हणाला.

दोर वळणं हे दोन माणसांचं काम. एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने कमरेला वाखाचा पेंढा बांधून, बोटांतून तंतू सोडत मागे मागे चालत जायचं. चाकाशी लेक आणि पाठमोरा चालणारा बाप, असं त्या घरात ती परकर नेसत होती तेव्हापासून चाललं होतं. पुढे ती शाळेत बाई झाली, तरी सुटीच्या दिवशी पदर खोचून चाकाशी उभी राही. आता मात्र तो दोन्ही कामं एकटाच करी. थोडा पेड ओढायचा, टोक खुंटाला गुंडाळायचं, चालत चाकाशी यायचं, चाक फिरवायचं, परत खुंटाशी जायचं, पीळ चाचपायचा, की पुन्हा चाक. घराच्या कडेने ओढ्यापर्यंत गेलेली ती लांब सपाट वाट त्याच्या पायांनी आधीच इतकी घट्ट झाली होती की तिथे गवत उगवायचं नाव घेत नसे. आता ती दगडासारखी झाली होती.

पावसाने ओढ दिली होती. विहिरींचं पाणी खाली खाली चाललं होतं आणि गेल्या वर्षीचे दोर आखूड पडत होते. रोज कुणी ना कुणी दारात येऊन विचारी, "आमचा कधी?" दोरवाल्याला त्या विचारण्याचीही लाज वाटे. "लोकांची विहीर आटली की आपली चूल पेटते," तो म्हणे, "असला आपला धंदा."

आज मळेवाल्या काकूंचा दोर धरला होता. त्यांची विहीर सगळ्यांत खोल. अर्धी वस्ती तिथेच पाणी भरत असे.

बाई आडोशाला बसून मुलांचे पेपर तपासत होती. तपासत होती म्हणजे लाल पेन हातात धरून बापाकडे बघत होती. खुंटाशी पोचल्यावर तो पीळ बघितल्यासारखं करून ओणवा होई आणि गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेई. पीळ बघायला इतका वेळ लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तो मान वर करायच्या आत ती नजर पेपरात घाली. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होते.

थोड्या वेळाने तो घरात गेला आणि पितळी तांब्यात कोमट पाणी घेऊन आला. त्यात मीठ होतं.

"गुळण्या कर."

"सकाळी केल्या की."

"सकाळी जेवली होतीस, म्हणून आता जेवायची नाहीस का?"

ती उठली. कुंपणाशी जाऊन, मान मागे टाकून, तिशी ओलांडलेल्या त्या बाईने शहाण्या पोरीसारख्या खळखळून गुळण्या केल्या. घसा ठणठणीत होता. तो कधीच बिघडला नव्हता.

*

शाळेत लागल्यावर पहिली काही वर्षं तिने पुस्तकात होतं तसं शिकवलं. मुलं ऐकत, लिहीत आणि विसरून जात. मग एका कंटाळवाण्या दुपारी तिने पुस्तक मिटलं आणि एक जुनी लांबलचक कथा, चाक फिरवताना स्वतःशी म्हणायची तशी, मोठ्याने म्हणून दाखवली. मुलं दुसऱ्या दिवशी तीच मागू लागली. पुढे ती त्यांना पाठ म्हणायला लावू लागली. पाठ झालं की दोन गट करून भांडायला लावायची: ह्या राजाचं चुकलं की बरोबर? कारण सांगा. नुसतं 'वाटतं' चालणार नाही. हे का जमतं आहे ते कळेना, म्हणून ती वाचत गेली. एका पुस्तकाने दुसरं दाखवलं, दुसऱ्याने तिसरं. हजारो वर्षांपूर्वी माणसं मुलांना असंच शिकवत होती, हे वाचून तिला आनंद झाला आणि थोडं चोरी पकडली गेल्यासारखंही वाटलं.

शिक्षकांच्या एका शिबिरात विद्यापीठाच्या विभागप्रमुख आल्या होत्या. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि चहाच्या वेळी तिला बाजूला घेतलं. आमच्याकडे ह्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, म्हणाल्या. अभिजात शिक्षण. जुने ग्रंथ, त्यांतली तर्काची आणि बोलण्याची शिस्त, आणि ते आजच्या वर्गात कसं आणायचं. तुम्ही या. पगारी रजेचं मी बघते.

दोरवाल्याला त्यातलं 'अभिजात' कळलं नाही, पण 'तुम्ही या' कळलं. त्याने ते पिठाच्या गिरणीत सांगितलं, केस कापताना सांगितलं, रस्त्यात म्हैस आडवी आली तर तिच्या मालकालाही सांगितलं. लोक म्हणाले, शिकवणारीच शिकायला निघाली म्हणजे आता मुलांना कोण, म्हशी शिकवणार? त्यावर तोच सगळ्यांत मोठ्याने हसला.

मुलाखत चांगली झाली. घोकंपट्टीचं कौतुक कशाला, असं एका प्राध्यापकांनी टोचून विचारलं. ती म्हणाली, पाठ असलेलं मूल हात मोकळे ठेवून विचार करतं, पुस्तक शोधत बसत नाही. मग त्यांनी काही म्हणून दाखवायला सांगितलं. तिने म्हटलं. ऐकताना त्या प्राध्यापकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

बाहेर बाकावर शहरातली एक उमेदवार मुलगी होती. गोड होती, डब्यातलं पुढे करत होती. "हे सगळं तुम्ही कुठे वाचलंत?" तिने विचारलं.

"घरी."

"एकट्याच? मग चुकलं तर सांगतं कोण?"

तिने ते सहज विचारलं होतं. पण परतीच्या वाटेवर बाई तेवढं एकच वाक्य चघळत राहिली. बारा गावची पुस्तकं एकटीने वाचली, एकटीनेच अर्थ लावले. त्यातले किती चुकीचे असतील? दोन वर्षं अशा मुलींच्या शेजारी बसायचं, तोंड उघडायचं, आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळायचं की ही आपली अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. गावात ती बाई होती. रस्त्याने गेली तर पोरं सरळ उभी राहत. तिथे ती कोण असणार होती?

फोन शाळेच्या मैदानावर आला. विभागप्रमुखच बोलत होत्या. "तुमची निवड झाली. पहिल्या क्रमांकावर."

मुलं लंगडी खेळत होती. ती त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "माझे वडील आजारी आहेत. मला येता येणार नाही."

"फार आजारी आहेत का?"

"हो. अंथरुणालाच आहेत."

"वाईट वाटतं. मग तुमची जागा पुढच्या उमेदवाराला द्यावी लागेल. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली.

त्या वेळी अंथरुणाला खिळलेला तिचा बाप डोक्यावर वाखाचा भारा घेऊन शाळेच्या कुंपणापलीकडून चालला होता. त्याने तिला हात केला. तिनेही केला.

संध्याकाळी तिने त्याला सांगितलं, "नाही घेतलं त्यांनी."

तो उंबऱ्यात बसला. बराच वेळ तळहाताची साल काढत राहिला. मग म्हणाला, "म्हणून दाखवायला लावलं होतं, म्हणालीस."

"हो."

"तेव्हा खोकला आला?"

मुलाखतीच्या आदल्या दिवशीपर्यंत ती चाकावर होती. वाखाच्या धुळीने खोकला येतो, हे दोर वळणाऱ्याच्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. त्याने कारण शोधून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. तिला नुसती मान हलवायची होती. तिने मान हलवली नाही, ती बोलली.

"आला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसू लागली.

*

उन्हं उतरली तेव्हा दोराचे तीन पेड तयार झाले होते; ते एकत्र वळायचं काम राहिलं होतं. दोरवाला येऊन तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसला. त्याच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर, मानेच्या घड्यांत पिवळट धूळ बसली होती. घामाने तिचा चिखल झाला होता. धूळ तिच्यावर उडू नये म्हणून तो अंग न झटकता तसाच बसला.

"एक ठरवलंय," तो म्हणाला. "पाऊस लागला की चाक काढून टाकायचं."

"काढून टाकायचं म्हणजे?"

"म्हणजे देऊन टाकायचं कुणाला तरी. पुढच्या वर्षी तू परत जाशील मुलाखतीला. तोवर घरात धुळीचा कण नको. घसा निवळायला वर्षभर लागतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"न्हावी."

एरवी ती हसली असती. "बाबा, तुम्ही काय करणार मग?"

"बसेन. लेक शिकली की बाप बसतो. जगाची रीतच आहे." त्याने गुडघा चोळला. "माझंच चुकलं गं. चांगले आठ दिवस आधी तुला चाकावरून उठवायला हवं होतं. पण हात लागला की काम भराभर होतं, आणि मला मोह आवरला नाही."

तिचं तोंड उघडलं. आता सांगायचं, असं तिने ठरवलंही. पहिला शब्द जिभेवर आला. तेवढ्यात कुंपणाशी 'वकील' उभा राहिला. हा वकील म्हणजे शेजारी. कोर्टाची पायरी कधी चढला नव्हता, पण कुणाचंही बोलणं खोडून काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

"काय दोरवाले, एकटेच का? बाईंना विद्यापीठाने बसवून ठेवलंय वाटतं."

"तिचा घसा जरा..."

"असं होय. आम्हाला वाटलं, आत्तापर्यंत हार घालायला जावं लागेल." त्याने आभाळाकडे बोट केलं. "तुमचंही ह्याच्यासारखंच झालं. गर्जेल तो पडेल काय?"

दोरवाला हसला. कुणी आपल्याला हसलं की आपणही त्यात सामील व्हावं, असं तो हसला. "पडेल," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पडेल. बियाणं चांगलं आहे. माझ्या धुळीने खाल्लं, एवढंच."

"सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही तुमचा," म्हणत वकील गेला.

बाई उठून आत गेली आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागली. जिभेवर आलेला शब्द तिने तसाच गिळला होता. उद्या सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. उद्या शाळा होती, आजच्या रविवारसारखा निवांत दिवस नव्हता, हे तिला तेव्हाही माहीत होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती वर्गात असताना तिला बोलवायला शाळेची शिपाईण आली. तिने दारातून नुसतं "बाई, घरी चला" म्हटलं, आणि मुलं आपणहून उभी राहिली.

तो चाक आणि खुंट ह्यांच्या बरोबर मध्ये, वाटेवर पडला होता. चाकाकडे जाताना की खुंटाकडे, ते कळायला मार्ग नव्हता. चाकाचा आकडा सुटून एक पेड मोकळा झाला होता. आपला सगळा पीळ सोडून तो वाटेवर वेटोळी घालून पडला होता. बाई आधी त्या पेडाकडेच बघत राहिली, कारण बापाच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नव्हता. कुणीतरी म्हणालं, हृदय. कुणी म्हणालं, ऊन. डॉक्टर म्हणाले, फार दमलेले होते, ह्यांनी अंथरुणावर पडून राहायला हवं होतं.

अंथरूण हा शब्द ऐकल्यावर ती वाटेवर बसून तो सुटलेला पेड गोळा करू लागली. बायकांनी तिला धरलं. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात. पण फूल पडायचं ते पडलं होतं. बोल कुणाचा, ते तिच्याशिवाय त्या गर्दीत कुणालाच माहीत नव्हतं.

आत्या आली. दोरवाल्याची थोरली बहीण, वाकलेली, बोलायला खरमरीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देणं, दार उघडणं, लावणं, सगळं तिने हाती घेतलं. माणसं येत, भिंतीला टेकून बसत आणि दोरवाल्याचं चांगलं तेवढं बोलत. त्याने वळलेला दोर कधी विहिरीत तुटला नाही. त्याने कधी कुणाला आखूड माप दिलं नाही. मग बोलणं संपे, आणि कुणीतरी हमखास म्हणे, "फक्त लेकीचं जरा जास्तच सांगायचे." दुसरा खाकरून त्याला गप्प करी. ती पदराआड मान घालून बसे. लोकांना वाटे, रडते आहे.

"त्याने मला निरोप धाडला होता," आत्या एका सकाळी म्हणाली. "ताई, माझ्या धंद्याने पोरीचं वाटोळं केलं, म्हणे. मी उलट कळवलं, शहाणाच आहेस, ह्याच धंद्यावर ती एवढी झाली ना? पण डोक्यात घेतलं की घेतलं. आमच्या बाबांसारखाच." तिने नाक पुसलं. "अगं, तू जेवत का नाहीस?"

"जेवते."

"ताटाकडे बघणं म्हणजे जेवणं नव्हे."

बाईला वाटलं, हिला सांगावं. पण आत्या भावासाठी रडत होती. आपलं ओझं तिच्या रडण्यावर टाकायचं कसं? हेही एक निमित्तच होतं. तिला आता आपली निमित्तं ओळखू येऊ लागली होती. वाखाच्या पेंढीतल्या तंतूंसारखी ती एकातून एक निघत.

मळेवाल्या काकूंचा निरोप आला, घाई नाही, पण जुना दोर पाण्याला टेकत नाही. आत्या उठली. कासोटा घट्ट केला आणि थेट चाकाशी जाऊन उभी राहिली. "लहानपणी मीच फिरवत होते. तुझ्या बापाच्या आधीपासून. चल, बांध कमरेला."

सुटलेला पेड नव्याने ओढायचा होता. बाईने कमरेला वाख बांधला आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या जागी उभी राहून मागे मागे चालू लागली. मागे बघायचं नसतं. वाट पायांना कळते. तिच्या पायांना ती कळत नव्हती. दोनदा ठेचकाळली. वाखाचं कुसळ तर्जनीत घुसलं, पुढे कातडी फाटली आणि पेडावर रक्ताचा डाग उमटला. पीळ कुठे जाड, कुठे पातळ पडत होता. बापाचे दोन पेड शेजारी ताणलेले होते, एकसारखे. तिसरा तिचा होता. त्यात झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वारा तिच्या तोंडावर येत होता. धूळ नाकात गेली, घशात गेली. ती खोकली. आत्या चाक फिरवायची थांबली.

"हाच ना तो खोकला?"

"नाही," बाई म्हणाली.

"मग?"

"चाक फिरवा आत्या. पीळ सुटतोय."

*

तिन्ही पेड एकत्र वळून झाल्यावर दोघींनी दोर खांद्यावर घेतला, पुढे आत्या, मागे ती, आणि मळ्यावर नेला. विहिरीच्या काठाला बायकांच्या घागरींची रांग होती. वकीलही बादल्या घेऊन उभा होता. बायकांचं भांडण आपण मिटवतो अशी त्याची समजूत होती. मळेवाल्या काकूंनी दोर हातावर घेतला, सगळीकडून चाचपला. जाडा-बारीक पेड त्यांच्या बोटांखालून गेला असणार. त्यांनी दोर परत तिच्या हातात दिला.

नवा दोर दोरवाल्याने स्वतःच पहिल्यांदा विहिरीत सोडायचा, असा त्याचा शिरस्ता होता. बाईने बादली बांधली आणि सोडली. रहाट करकरत राहिला. दोर जात राहिला. खालून बादली पाण्यावर टेकल्याचा आवाज आला, तशी रांगेतल्या बायकांनी श्वास सोडला. तिने ओढून घेतली. अर्धी बादली गढूळ पाणी.

"पोचला," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "परवा-परवाच इथं कठड्यावर बसून बोलत होता गं. म्हणाला, काकू, लोक मला हसतात त्याचं काही नाही, मी बोललोच जास्त. पण पोरीला कमी समजू नका. तिचं गेलं ते माझ्या धुळीने गेलं. किती वेळा म्हणाला. माणूस आतून कुरतडला होता." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. धंदाच वाईट, धुळीचा. त्यात तुझा काय दोष?"

"जाऊ द्या," वकील पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाला. "गेलेल्या माणसाचं बोलणं काय धरायचं? बापाचं मन. वाढवून सांगतंच."

पाठीवरचा तो हात फार जड होता. बादली तिच्या हातातच होती. ती तिने काठावर ठेवली.

"त्यांनी वाढवून सांगितलं नाही," ती म्हणाली.

रहाट अजून हलत होता. "काय म्हणालीस?" काकूंनी विचारलं.

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तेवढा आवाज तिने काढला. तो तिला येत होता. "मला घेतलं होतं. फोन आला होता, पहिला नंबर म्हणून. मीच नाही म्हणाले."

आत्याने दोराची गुंडाळी खाली टाकली.

"आणि खोकला?" आत्या म्हणाली.

"खोकला कधी आलाच नाही. बाबांनी विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. म्हणून ते एकटे दोन्हीकडे चालत होते."

"अगं पण," काकूंचा हात तिच्या पाठीवरून केव्हाच निघाला होता, "नाही म्हणायला त्यांना सांगितलंस तरी काय?"

"बाबा अंथरुणाला आहेत, असं सांगितलं."

"तेव्हा कुठे होता तो अंथरुणाला?"

"नव्हते," ती म्हणाली. "मी भ्याले होते. तिथे माझं अज्ञान उघडं पडेल म्हणून भ्याले, आणि त्यांना आजारी केलं."